एकाच गावातले दोन बाजार : येवल्याची पैठणी



नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचे नाव तुम्ही दोन कारणांनी ऐकले असेल. एक कांदा आणि दुसरी पैठणी. कांद्याच्या निमित्ताने तुमच्यापैकी पुष्कळजण येवल्याला जाऊनही आले असतील. ट्रॅक्टर बाजार समितीच्या आवारात लावायचा, लिलाव होईपर्यंत चहा प्यायचा, पट्टी हातात पडली की गावची वाट धरायची, असा आपला शिरस्ता. पण त्याच गावात, त्या आवारापासून जवळच, दुसरा एक बाजार भरतो. तिथे माल क्विंटलने विकत नाहीत, नगाने विकतात. तिथे लिलाव नसतो. गिऱ्हाईक मोटारीतून येते, गादीवर बसते, पाणी पिते आणि एकेका वस्त्राला काही हजारांपासून काही लाखांपर्यंत रुपये मोजून जाते.

आमच्या विस्तार कामात शेतकऱ्यांच्या सहली काढाव्या लागतात. बहुतेक सहली विद्यापीठाची शिवारे, फळबागा नाहीतर एखादे आदर्श गाव पाहायला जातात. मी मात्र तुती लावणाऱ्या शेतकऱ्यांना एकदा तरी येवला दाखवावे, या मताचा आहे. श्रीमंत गिऱ्हाइकावर चालणारा धंदा कसा असतो, त्यात पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो, हे समजायला त्याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही. म्हणून आज तुम्हाला कागदावरच त्या गावाची फेरी घडवतो.

चौफुलीवरचे गाव

येवला आडमार्गाला नाही. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता आणि मनमाडहून अहिल्यानगरला जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. त्या ठिकाणाला विंचूर चौफुली म्हणतात. मनमाड-दौंड लोहमार्गावर गावाचे स्टेशनही आहे. शिर्डी तासाभराच्या आत असल्याने साईबाबांच्या दर्शनाला जाणारी-येणारी मंडळी वाट वाकडी करून येवल्याला थांबतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पैठणीच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागल्या की येवले आले असे समजावे.

गावाची ओळख पैठणीपुरती नाही. १८५७ च्या लढ्यातले सेनानी तात्या टोपे यांचा जन्म येथलाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. येवल्याला जाल तेव्हा तिथे अवश्य जाऊन या. संक्रांतीच्या सुमारास गेलात तर सगळे गाव गच्चीवर चढलेले दिसेल. पतंगाचे वेड येवलेकरांइतके महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल.

गावाबाहेरचा मुलूख मात्र आपल्या ओळखीचा आहे. तालुक्याचा पूर्वेकडचा भाग कमी पावसाचा. कांदा, मका, कापूस, बाजरी, आणि पाऊस रुसला की टँकर. अशा मुलखाच्या मध्यभागी राजेरजवाड्यांचे वस्त्र विणले जाते, हे आधी थोडे नवलाचे वाटते. पण त्याला इतिहास आहे.

राजाश्रय आला आणि गेला

पैठणी हे नाव गोदाकाठच्या पैठणवरून पडले. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पुढे दहा दिवसांवर तेर, असे त्यात म्हटले आहे. पैठणहून अकीकाचे दगड आणि तेरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांवर लादून भडोचला जात असे. म्हणजे दूरदेशीच्या धनवानांसाठी माल पाठवण्याची सवय या मुलखाला दोन हजार वर्षांची आहे.

सतराव्या शतकात राघोजी नाईक यांनी येवला वसवले आणि विणकर व रेशमाचे व्यापारी सवलती देऊन येथे आणले, असे सांगतात. पुढे पेशव्यांनी हे गाव विठ्ठल शिवदेव विंचूरकरांना दिले. पेशवाईत पैठणीला आणि शेल्यांना मोठी मागणी होती. तिकडे पैठण हैदराबादच्या निजामाच्या राज्यात राहिले आणि तेथील विणकरांना निजामाच्या घराण्याचा आश्रय मिळाला.

आता यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. पेशवाई १८१८ साली बुडाली. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि निजामाचा दरबारही संपला. दरबार गेला तशी दरबारी मागणी गेली. ज्या पैठणने या वस्त्राला नाव दिले, त्या पैठणात माग बोटांवर मोजण्याइतके उरले. शासनाच्या लघुउद्योग विकास महामंडळाने तेथे पैठणी केंद्र चालवून कला टिकवून धरली, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. येवल्यात मात्र धंदा तगला. कारण तिथे विणकरांच्या जोडीला व्यापारी होते, आणि त्यांनी दरबार गेल्यावर लग्नघर धरले. पुण्या-मुंबईचे सधन कुटुंब, मुलीच्या लग्नातले एक भारी लुगडे, हे त्यांचे नवे गिऱ्हाईक झाले.

श्रीमंत गिऱ्हाईक मिळणे भाग्याचे, पण एकाच श्रीमंताच्या भरवशावर बसणे घाताचे, हा पहिला धडा पैठण आणि येवला या दोन गावांची तुलना केली की आपोआप मिळतो.

मागावर काय चालते

दुकान पाहून परत फिरू नका. दुकानदाराला विचारलेत तर तो आनंदाने माग दाखवतो. अंगणगावजवळ पैठणी पर्यटन केंद्र आहे, तेथेही सोय होते. आम्ही गेलो होतो ते घर एका गल्लीत होते. पुढची खोली मागाने भरलेली, मागच्या खोलीत संसार. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसलेला. पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा, फणी ठोकायची. खटखट आवाज चालू.

लुगड्याचे अंग असे धोट्याने भराभर विणले जाते. पण पदर आला की धोटा थांबतो. पैठणीच्या पदराची जमीन जरीची असते आणि तिच्यावर रेशमाची नक्षी उमटते. मोर, बांगडी मोर, मुनिया म्हणजे पोपट, असावलीची वेल, अजिंठ्याचे कमळ हे त्यातले प्रसिद्ध प्रकार. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी लहानशी कांडी असते. ती हाताने ताण्याच्या धाग्यांतून काढायची, दुसरा रंग भेटला की त्याच्या धाग्यात आपला धागा अडकवायचा आणि माघारी फिरवायचा. अशा कित्येक कांड्या एकाच ओळीत लोंबत असतात. भरगच्च पदर असेल तर दिवसाकाठी बोट-दोन बोटे काम पुढे सरकते. साधी पैठणी पंधरा दिवसांत किंवा महिन्यात उतरते. अंगभर काम असेल तर सहा महिने लागतात, कधी वर्ष उलटते.

आमच्या बरोबरच्या एका शेतकऱ्याने विणकराला विचारले, "मामा, इतक्या दिवसांत चूक झाली तर?"

विणकर म्हणाला, "उसवायचं, भाऊ. दोन दिवसांचं काम असेल तर दोन दिवसांचं उसवायचं. गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर उसवता येत नाही."

त्याची बायको कांड्या भरीत होती. आमच्यातल्या एका भगिनीने तिला सहज विचारले, "मावशी, तुमच्याकडं पैठण्या किती?"

ती हसली. "ह्या घरातून शे-सव्वाशे गेल्या असतील, ताई. नेसायला एक. तीसुद्धा पोरीसाठी जपून ठेवलीय."

त्यावर कोणी काही बोलले नाही. आपणही द्राक्षाची पहिली प्रत पेटीत भरतो आणि मणी गळालेला घड घरी आणतो. तेव्हा हे दुःख आपल्याला परके नाही.

श्रीमंत गिऱ्हाईक कसे असते

पुष्कळांचा समज असा, की श्रीमंत माणूस डोळे मिटून पैसे टाकतो. मी त्या विणकराला तसे विचारलेही. त्याचे उत्तर मला फार आवडले. तो म्हणाला, "साहेब, श्रीमंत भाव करत नाही असं कोण म्हणतं? करतोच की. पण खोट सापडली तर भाव करत बसत नाही. उठून जातो."

आपल्या बाजारात खोट सापडली की भाव पडतो, पण माल खपतो. डागी कांद्यालाही कोणीतरी गिऱ्हाईक असते. या बाजारात तसे नाही. एक धागा तुटका, एक रंग उतरता, काठ एका बाजूला जरासा खेचलेला, की ते वस्त्र त्या भावाला विकतच नाही. वर त्या घरच्या चार नातेवाइकांना बातमी लागते ती वेगळीच.

या गिऱ्हाइकाच्या आणखी काही सवयी विणकराने सांगितल्या. त्याला आपल्यासारखी वस्तू दुसऱ्याकडे नको असते, म्हणून रंग आणि नक्षी सांगून विणून घेतो. त्याला माणूस पाहायचा असतो. हे कोणी विणले, किती दिवस लागले, हे ऐकायचे असते, कारण घरी गेल्यावर तेच त्याला चार लोकांना सांगायचे असते. आणि तारीख टळलेली त्याला चालत नाही. लग्नाचा मुहूर्त विणकरासाठी थांबत नसतो.

म्हणजे हा धंदा करायचा तर अंगी तीन गोष्टी हव्यात. हातात अचूकपणा, शब्दाला किंमत, आणि माल विकला जाईपर्यंत दम धरण्याइतके भांडवल. यातली तिसरी गोष्ट बहुतेकांकडे नसते आणि तिथेच खरी मेख आहे.

पैसा कुठे मुरतो

आता पाटी-पेन्सिल घ्या. आपण अगदी साधा हिशेब करू. भाव रोज बदलतात, म्हणून आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. तुम्ही आजचे भाव घालून तोच हिशेब पुन्हा करा.

एका सहावारी पैठणीला सुमारे अर्धा किलो रेशीम आणि पाव किलोच्या आसपास जर लागते. कच्च्या रेशमाला नैसर्गिक डिंक असतो. रंगवण्यापूर्वी तो उकळून काढतात, तेव्हा वजन पाव हिश्श्याने घटते. म्हणजे अर्ध्या किलोसाठी साडेसहाशे ग्रॅम कच्चे रेशीम हवे. किलोला ५,००० रुपये धरले तर ३,२५० रुपये झाले. जर, रंगाई आणि ताण्याची तयारी मिळून २,००० धरू. साध्या पैठणीचे १५ दिवस, रोज ५०० रुपये मजुरी, म्हणजे ७,५००. एकूण १२,७५० रुपये. यात कांड्या भरणाऱ्या बायकोची मजुरी नाही, मागाची झीज नाही, व्यापाऱ्याचा नफा नाही.

आता तेच रेशीम घ्या, तेवढीच जर घ्या, आणि सहा महिन्यांची पैठणी विणा. कच्च्या मालाचा खर्च थोडाफार वाढेल. पण मजुरीचे १८० दिवस झाले ९०,००० रुपये. साडी लाखाच्या घरात गेली. हा फरक रेशमाचा नाही, जरीचाही नाही. तो निव्वळ दिवसांचा आहे. श्रीमंत गिऱ्हाईक दुकानात येऊन जे विकत घेते, ते दुसऱ्याच्या आयुष्यातले दिवस असतात.

आता आपल्या बाजूने पाहा. एक किलो कच्च्या रेशमाला चांगल्या प्रतीचे सात किलोच्या आसपास कोष लागतात. साडेसहाशे ग्रॅमला साडेचार किलोंहून थोडे जास्त. किलोला ५०० रुपये धरले तर कोष पिकवणाऱ्याला मिळाले २,३०० रुपये. साडी तेरा हजारांना गेली तरी २,३०० आणि लाखाला गेली तरी २,३००. मागावर गेल्यावर वस्त्राची किंमत जी चढते, त्यातला एक पैसाही शेताकडे परत येत नाही. हे कोणाच्या लबाडीने होते असे नाही. कच्चा माल विकणाऱ्याचे गिऱ्हाईक श्रीमंत नसते. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे पुढचा कारागीर किंवा व्यापारी, आणि तो त्याच्या हिशेबानेच भाव देणार.

विणकराचे तरी सगळे गोड आहे काय? तेही पाहू. येवल्यात तीन प्रकारचे विणकर आढळतात. पहिला मजुरीवर विणणारा. रेशीम, जर, नक्षी सगळे व्यापाऱ्याचे, हात तेवढे याचे. दुसरा स्वतःचा माग असलेला, पण माल उधारीवर उचलणारा आणि तयार साडी त्याच दुकानात घालणारा. तिसरा स्वतःचे रेशीम आणून, स्वतः विणून, स्वतःच्या गिऱ्हाइकाला विकणारा. तिघांच्या हातातली कला तीच असेल, पण साडीतल्या दिवसांचे पूर्ण दाम तिसऱ्यालाच मिळतात. पहिल्याला रोजगार मिळतो. दुसरा मधल्या मध्ये लोंबकळतो. भांडवल आणि गिऱ्हाईक ज्याच्या हाती, मोबदला त्याच्या हाती, हे सूत्र कांद्याला लागू आहे तसेच पैठणीलाही.

शिवाय जोखीम आहेच. २०२० सालच्या टाळेबंदीत लग्ने थांबली, दुकाने बंद झाली, तेव्हा मागावर चढवलेला ताणा तसाच राहिला. भाकरीची मागणी थांबत नाही, पैठणीची थांबते. चैनीच्या वस्तूचा धंदा करणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

अस्सल आणि नक्कल

जिथे भाव जास्त, तिथे नक्कल आलीच. यंत्रमागावर विणलेली, कृत्रिम धाग्याची, पैठणीसारखी दिसणारी साडी थोड्या पैशांत मिळते. २००४ साली सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पैठणी घरोघर पोचवली. खेड्यातल्या वहिनीलाही ती हवीशी वाटू लागली. स्वस्त साडी घेण्यात गैर काहीच नाही. हौसेला मोल नसते आणि ऐपतीप्रमाणे हौस भागवावी. पण नक्कल नक्कल म्हणून, नकलेच्या भावात घ्यावी. तीन हजारांत हातमागावरची अस्सल पैठणी कोणी देऊ लागला, तर वरचा हिशेब आठवा. पंधरा दिवसांची मजुरीच त्यात बसत नाही.

अस्सल पैठणी ओळखण्याच्या काही खुणा माता-भगिनींनी ध्यानात ठेवाव्यात. पदर उलटा करून पाहा. हाताने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मागच्या बाजूला सुट्या धाग्यांचे जाळे लोंबत असेल, तर काम हाताच्या कांड्यांचे नव्हे. काठाकडून एखादा सुटा धागा मिळाला तर जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते.

चिन्हांचाही अर्थ नीट समजून घ्या. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली आलेला सिल्क मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे. साडी हातमागावरची आहे की नाही, हे तो सांगत नाही. ते २००६ साली आलेला हँडलूम मार्क सांगतो. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते वस्त्राच्या जागेशी आणि परंपरेशी जोडलेले आहे. १९८५ च्या कायद्याने साडीसारखे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले आहेत. तरीही नक्कल चालतेच. कायदा कितीही चांगला असला, तरी गिऱ्हाइकाने पदर उलटून पाहिल्याशिवाय तो कागदावरच राहतो.

आपला धागा कुठे जोडावा

येवल्याच्या मागावरचे रेशीम बहुतांशी कर्नाटकातून आणि जर सुरतेहून येते. कर्नाटकातल्या रामनगरची कोषांची बाजारपेठ सर्वांना ठाऊक आहे. मराठवाड्यातले आपले तुती-शेतकरी वर्षानुवर्षे कोषांची पोती घेऊन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करीत आणि तिथे विकून येत. तिथे धागा निघे आणि तो उलट्या वाटेने महाराष्ट्रात मागावर येई. २०१८ साली जालन्याला कोष बाजार सुरू झाला आणि पुष्कळांचा हा फेरा वाचला. जालन्याहून येवला दीड-पावणेदोनशे किलोमीटर. धागाही इकडेच निघत गेला, तर कोष, धागा आणि वस्त्र हे तिन्ही टप्पे दिवसाभराच्या वाटेत येतात.

म्हणून येवला पाहून आल्यावर शेतकऱ्यांनी मला तीन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे येथे देतो.

पहिला, तुती लावावी का? पाण्याची थोडी शाश्वती असेल आणि घरात दोन माणसे काम करणारी असतील तर विचार करावा. तुतीचा मळा एकदा लावला की कित्येक वर्षे टिकतो. एकरी वर्षाला पाच-सहा पिके बसवता येतात आणि अळी अंड्यातून निघाल्यापासून महिन्याभराच्या आत कोष हाती येतात. पण पैठणी लाखाची म्हणून कोषाला सोन्याचा भाव येईल, या आशेने लावू नये. वरचा हिशेब तेच सांगतो. हंगामाची वाट न पाहता ठराविक दिवसांनी हाती पैसा यावा, यासाठी लावावी. शेजारच्या कापसावरची फवारणी तुतीच्या पानावर आली तर अळ्या मरतात आणि उझी माशीचा उपद्रवही असतो. तेव्हा जिल्हा रेशीम कार्यालयात जाऊन सर्व माहिती आधी घ्यावी.

दुसरा, आपला वाटा वाढेल कसा? प्रतीने आणि एकीने. कोष बाजारात डागी, पातळ, दुहेरी कोष वेगळे काढून एकसारखा माल नेणाऱ्याला भाव जास्त मिळतो. ती विणकराचीच शिस्त. आणि दहा-वीस शेतकऱ्यांनी गट करून धागा काढण्यापर्यंत मजल मारली, तर एक पायरी वर चढता येते. पण त्याला भांडवल, पाणी, वीज आणि सतत कोषांचा पुरवठा लागतो. उसन्या उत्साहात यंत्र घेऊन बसू नये.

तिसरा प्रश्न एका कोरडवाहू शेतकऱ्याचा होता. धाकट्या मुलाला मागावर बसवू का? येवल्याच्या आसपासच्या खेड्यांत शेतकऱ्यांची मुले विणायला शिकली आहेत आणि पाऊस नसलेल्या वर्षी मागाने घर धरून ठेवले, अशी कुटुंबे मी पाहिली. मी त्यांना सांगितले, शाळा पुरी होऊ द्या, मग मुलाला आवड असेल तर बसवा. आणि शिकवायचे ते केवळ विणायला नको. हिशेब ठेवायला, रेशीम पारखायला, गिऱ्हाइकाशी बोलायलाही शिकवा. नाहीतर तो जन्मभर दुसऱ्याच्या रेशमावर हात झिजवील.

श्रीमंतांच्या दाराशी जाणाऱ्या प्रत्येक मालाला हेच लागू आहे, मग तो कोकणचा हापूस असो, नाशिकची निर्यातीची द्राक्षे असोत की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. पुढे कधी सवड काढून येवल्याला जा. कांद्याची पट्टी खिशात घातल्यावर तासभर गल्लीतल्या मागाजवळ उभे राहा. घरच्या लक्ष्मीलाही बरोबर न्या. साडी घ्यावी की नाही हे तुमच्या ऐपतीवर सोडतो. पण पदर उलटून पाहायला पैसे पडत नाहीत, आणि त्या विणकराला "किती दिवस लागले?" एवढे विचारलेत तरी त्याला बरे वाटेल.